फाट्यावरची डहाळी

सोलापूर, गुरुवार, ता. ३ जानेवारी १९२९

तीर्थरूप दादास,

सिद्धनाथचा नमस्कार. चार वर्षांनी लिहितो आहे, म्हणून आधी कामाचं बोलतो.

मी इथल्या शाळेत ड्रॉइंग शिकवतो आणि शनिवारी स्काऊटांची कवायत घेतो, हे तुझ्या कानावर आलं असेल. माझ्या पथकातली सोळा मुलं या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाठीवर सामान घेऊन आष्टीला यायची आहेत. मोहोळला गाडीतून उतरायचं, तिथून सहा कोस पायी, तलावाच्या काठी मुक्काम, रविवारी रणांगण पाहायचं आणि परत. रणांगण म्हणजे तोच माळ, जिथे एकशे दहा वर्षांपूर्वी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढताना पडले. मुलं पुस्तकात त्याच्या दोन ओळी वाचतात आणि परीक्षेनंतर विसरतात. माळ पायाखाली गेला म्हणजे विसरणार नाहीत, असं मी हेडमास्तरांना पटवलं आहे.

मला एवढंच हवं आहे, की मोहोळकडून येताना वाटेत पाणी कुठे मिळेल ते कळव. तुझी मेंढरं हिवाळ्यात आष्टीच्या तलावाच्या अंगाला असतात असं गावाकडून समजलं. आष्टी निवडली ती त्यासाठी नव्हे, इतिहासासाठी. तसा गैरसमज नको.

गोजाबाई वहिनीला नमस्कार.

सिद्धनाथ

(बडेसाबभाई, तुम्ही आष्टीत ओट्यावर कपडे शिवता आणि मेंढक्यांची पत्रं वाचून दाखवता असं कळलं, म्हणून हे तुमच्या पत्त्यावर धाडलं. दादाला लिहिता-वाचता येत नाही. कृपा करून सावकाश वाचा, आणि कंसातलं मात्र मनात वाचा. ऐकताना त्याचं तोंड कसं होतं, तेवढं मला कळवाल का?)


बुधवार, ता. ९ जानेवारी

दादा,

उत्तर आलं नाही. पोस्टमन रोज दारावरून जातो. काल मी त्याला हाक मारून थांबवलं, तर तो म्हणाला, "मास्तर, पत्र आलं तर मी काय खिशात ठेवून घरी नेणार हाय का?" त्याचंही बरोबर आहे.

इकडे तयारी चालू आहे आणि रोज बदलते आहे. प्रत्येकाने घोंगडी घ्यायची ठरलं होतं, मग दोघांत एक ठरलं, मग थंडी वाढली म्हणून पुन्हा प्रत्येकाला एक. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी घरून आणायची, डाळ-तांदूळ मुक्कामावर शिजवायचे. पाठपिशव्या मी वाण्याच्या तराजूवर तोलून पाहिल्या. एकाच्या पिशवीत आईने लोणच्याची बरणी घातली होती, चिनी मातीची. ती काढली, तर दुसऱ्या दिवशी आई शाळेत.

खरा घोटाळा खेळाचा झाला. रणांगणावर जायचं तर लढाईचा खेळ हवाच. मुलांचे दोन भाग केले, आणि इंग्रज व्हायला कुणी तयार होईना. चनबसप्पा म्हणून माझ्या एका तुकडीचा नायक आहे, मोठा विचारी पोरगा. तो म्हणाला, "सर, मी होतो की इंग्रज. पण आमी हरनार आसलो तरच." हे नेमकं हेडमास्तरांनी ऐकलं. स्काऊटच्या शपथेत बादशहाशी निष्ठा आहे, तेव्हा ते पांढरेच पडले. आता लढाई रद्द. 'हरवलेला खलिता शोधणे' असा खेळ ठरला आहे, त्यात कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही.

त्याच बैठकीत त्यांनी अट घातली. पाण्याची आणि मुक्कामाची जबाबदारी घेणाऱ्या तिथल्या माणसाची चिठ्ठी वीस तारखेच्या आत पाहिजे. नाही आली, तर आष्टी रद्द आणि पथक होटगीला. होटगीला आम्ही तीनदा जाऊन आलो. तिथला एकेक दगड मुलांना नावानिशी ठाऊक आहे.

तेव्हा दादा, चिठ्ठी दे. त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. तूही लिहू नकोस. नुसतं पाण्याचं कळव.

सिद्धनाथ

(बडेसाबभाई, इंग्रजाच्या गोष्टीला तो हसला का?)


सोमवार, ता. १४ जानेवारी

दादा,

आज संक्रांत. आज वैऱ्यालासुद्धा तिळगूळ देऊन गोड बोल म्हणतात, म्हणून धीर करतो. बडेसाबभाई, हे मोठ्याने वाचा.

बिरोबाच्या यात्रेला मी खाकी अर्धी चड्डी घालून आलो होतो. पुण्याजवळच्या छावणीत दहा दिवस स्काऊटमास्तरकी शिकून थेट आलो. कपडे बदलायला वेळ होता. बदलले नाहीत, कारण तुम्ही सगळ्यांनी मला तसं बघावं असं मला वाटत होतं. स्काऊट भेटले की डावा हात मिळवतात. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ माझा डावाच हात पुढे जात होता. देवळासमोर सगळी भावकी उभी, तू मूठभर भंडारा घेऊन माझ्याकडे आलास, आणि मी देवाच्या हळदीला डावा हात पसरला.

तेवढ्यावर राहतं तर निभावलं असतं. तू नुसता हाताकडे बघत होतास. 'चुकलो' म्हणून मी हात बदलायचा, ते सोडून हसलो आणि तुला समजावून सांगायला लागलो. सगळ्यांसमोर. म्हणालो, आमच्यात डावा हात मानाचा, तो काळजाजवळचा, शूर माणूस ढाल खाली ठेवून तो पुढे करतो. 'आमच्यात' म्हणालो मी. ज्या थोरल्या भावाने मेंढरांमागे राहून मला शाळेत घातलं, त्याला मी 'आमच्यात' काय असतं ते शिकवत होतो. तू मूठ मागे घेतलीस, भंडारा शेजारच्या मेंढ्याच्या कपाळाला लावलास आणि म्हणालास, "ह्येला कळतं डावंउजवं." भावकी हसली. मी आल्या पावली निघालो, तो आजपर्यंत फिरकलो नाही.

चूक हाताची होती, गुन्हा तोंडाचा. चार वर्षं मी हाताचीच बाजू मांडत बसलो.

आणि आष्टी मी तुझ्यासाठीच निवडली. हेडमास्तर विचारत होते, "मास्तर, रणांगणच पाहिजे तर आपल्या किल्ल्याखाली त्याच साली लढाई झाली आहे, शाळेपासून दहा मिनिटांवर. मोहोळला कशाला उतरायचं?" मी म्हणालो, मुलांना चालण्याची सवय हवी.

चिठ्ठी नाही दिलीस तरी चालेल. भेटलास तर बरं होईल.

सिद्धनाथ


आष्टी, गुरुवार, ता. १७ जानेवारी

सिद्धनाथ मास्तरांना बडेसाब शिंप्याचा सलाम.

तुमची तीन पत्रं पोचली. तुमचा दादा ज्ञानबा गुरुवारच्या बाजाराला येतो, गेल्या गुरुवारी आलाच न्हाय, म्हणून तिन्ही आज एकदम वाचली. कंसातलं मनात वाचा म्हणला होता. पण मी गप झालो की तो म्हणतो, "का थांबलास? काय लपवतोस?" मग वाचावं लागलं की. माफी असावी.

त्याचं तोंड कसं होतं विचारलात. मेंढक्याचं तोंड हाय, ऊन खाऊन खाऊन एकसारखं झालंय, त्यावर काय दिसत न्हाय. इंग्रजाच्या गोष्टीला गोजाबाई लई हसली. भंडाऱ्याचं वाचलं तवा ज्ञानबा उठून बाहेर गेला, चिलीम पेटवली, वडली न्हाय, तशीच विझवून आत आला. "पुन्यांदा वाच" म्हणला. पुन्हा वाचलं.

मग म्हणला, लिव: "पानी हाय. हेडमास्तरास्नी सांग, पोरांची जबाबदारी ज्ञानबावर. मोहळाकडनं येताना फाटा लागतो, तितनं जरा म्होरं वढ्यात वाळू उकरून झिरा काढून ठिवतो. फाट्यावर खूण ठिवतो. लढाईचं तितं काय बी न्हाय, नुस्ता माळ हाय. पोरास्नी आदीच सांगून आन, न्हायतर रडतील."

मी विचारलं, तुमच्यासाठी काय लिहू. तर म्हणला, "त्येला काय लिवायचं. त्येला वाट ठावं हाय."

हेडमास्तरांची चिठ्ठी वेगळी जोडली हाय. तिच्यावर त्याचा अंगठा घेतला. तो उजवा पुढं करत होता, मी म्हणलो, कागदाला डावा लागतो, तसा कायदा हाय. तर अंगठ्याकडं बघत म्हणतो, "सरकारला बी डावाच लागतो व्हय?" आणि तेवढ्याला हसला. एवढंच हसला.

बडेसाब


रविवार, ता. २० जानेवारी

दादा,

चिठ्ठी मिळाली, हेडमास्तरांनी दोनदा वाचली आणि फायलीत लावली. आष्टी नक्की झाली. मुलांनी टोप्या उडवल्या, त्यातली एक शाळेच्या कौलांवर अजून आहे.

तू फाट्यावर खूण ठेवणार आहेस, त्याबद्दल एक सांगायचं. स्काऊटांच्या वाटेवरच्या खुणा ठरलेल्या असतात आणि मुलांना त्या तोंडपाठ आहेत. म्हणून सोबत तक्ता पाठवतो, मी स्वतः रंगवला आहे. बाण म्हणजे या वाटेने चला. मोठ्या दगडावर लहान दगड म्हणजे वाट बरोबर आहे. वाटेवर आडवी टाकलेली काठी किंवा फांदी म्हणजे ही वाट बंद, इकडे जाऊ नका. बडेसाबभाई, गुरुवारी त्याला एकेक चित्र दाखवून नीट समजावून सांगा. फार सोपं आहे, लहान मुलालाही कळतं.

परवापासून मी सहा वेळा पिशवी भरली आणि उपसली. मुलांना पाण्याची एकेक बाटली पुरे ना? तू झिरा काढतो आहेस म्हणजे पुरेल. थंडी टिकली तर बरं. हुरडा आला असेल तिकडे. तू भेटलास की पहिल्यांदा काय बोलायचं तेही मी ठरवतो आणि मोडतो आहे.

सिद्धनाथ


मंगळवार, ता. २९ जानेवारी

दादा,

या पत्रात कंस नाही. बडेसाबभाई, सगळं मोठ्याने वाचा, गर्दी असली तरी.

शनिवारी ओढ्यात आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. तू विचारलंस, "उशीर का रं झाला?" मी म्हणालो, "पोरं चालायला कच्ची आहेत." ते खोटं होतं. पोरं माझ्यापेक्षा चांगली चालतात.

आम्ही फाट्यावर ऐन वेळेला पोचलो होतो. उजव्या वाटेच्या तोंडाशी कडुलिंबाची ओली डहाळी आडवी पडलेली, बुडख्यावर दगड. चनबसप्पा पुढे पळत गेला आणि तक्त्यातलं म्हणून दाखवावं तसं ओरडला, "सर, आडवी फांदी! वाट बंद!" मी म्हणालो, "शाब्बास." आणि सोळा पोरांना डाव्या वाटेने माळावर घातलं.

पुढे झाड नाही, विहीर नाही. जिथे तिथे कुसळं. पुढच्या वळणाला झिरा लागेल, त्याच्या पुढच्या वळणाला लागेल, असं म्हणत मी चालवत राहिलो. बाटल्या कोरड्या झाल्या. मध्येच एक काळं कुत्रं आडवं आलं. भुंकेना, चावेना, नुसतं वाटेत उभं राही. आम्ही वळसा घातला की पुन्हा पुढे येऊन उभं. मुलांनी ढेकळं मारली. मीही मारलं एक. शेवटी सगळ्यांत लहान मुलगा पिशवीसकट खाली बसला आणि उठेना.

चनबसप्पा कपाळावर हात धरून चारी बाजूंना बघत होता. म्हणाला, "सर, हितं लिंबाचं झाड कुटंच दिसंना. ती डहाळी कुनीतरी लांबनं हातात धरून आनलीया. वाट बंद करायची तर मानूस बाभळीचं काटं टाकतो की. लिंब कशाला आनंल?"

दादा, मी तिथेच थांबलो. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत तू मेंढरं घेऊन पुढे जायचास आणि ज्या वाटेने गेलास तिच्या तोंडाशी लिंबाची डहाळी टाकायचास. मागून आई घोड्यावर बिऱ्हाड लादून मला घेऊन यायची. डहाळी दिसली की मी तिचं बोट सोडून पळायचो, डहाळीवरून उडी मारायचो आणि ओरडायचो, "दादा हिकडं गेला!" अशा किती उड्या मारल्या असतील. आणि शनिवारी तीच डहाळी माझ्या पायाशी होती आणि मी तक्ता आठवत होतो.

तुला लिहिता येत नाही असं मी बडेसाबभाईंना कळवलं होतं. तू लिहिलं होतंस. मला वाचता आलं नाही.

मागे फिरलो. डहाळी ओलांडली, आणि हाकेच्या अंतरावर ओढा. झिऱ्यावर जनावरांनी तोंड घालू नये म्हणून बाभळीचे काटे, शेजारी दुधाच्या कळश्या झाकलेल्या, आणि तू काठी घेऊन बसलेला. मी काही सांगायच्या आत मुलांनी रांग धरली आणि सोळा डावे हात तुझ्यापुढे आले. तू त्या हातांकडे पाहिलंस, डाव्या हातातली काठी उजव्यात घेतलीस आणि एकेकाला डावा हात दिलास. सोळा जणांना. माझ्याजवळ आलास तेव्हा उजव्या हाताने दुधाचा तांब्या पुढे केलास. मी दोन्ही हातांनी घेतला. तेव्हाच तू उशिराचं विचारलंस, आणि मी दोष पोरांवर ढकलला.

चनबसप्पाने ते ऐकलं. रविवारी रणांगण पाहिलं, खलिता सापडला, तुझ्या वहिनीच्या हातचा म्हणजे आमच्या वहिनीच्या हातचा हुरडा सगळ्यांनी खाल्ला. पाहा, हातही नीट चालत नाही. पण परत येताना तो पोरगा माझ्याशी एक शब्द बोलला नाही. काल शाळा सुटल्यावर मी पथकासमोर उभं राहून खरं सांगितलं. आज तुला सांगतो. माझ्या वाटचा भंडारा तू पुन्हा मेंढ्याला लावलास तरी माझं काही म्हणणं नाही. त्याने डहाळी ओळखली असती.

सिद्धनाथ


आष्टी, गुरुवार, ता. ३१ जानेवारी

सिद्धनाथ मास्तरांना बडेसाबचा सलाम.

पत्र वाचलं. बाजाराचा दिवस, ओट्यावर धा-बारा माणसं होती. तुम्ही म्हणला तसं मोठ्यानं वाचलं.

ज्ञानबा म्हणतो, त्याला ठावं होतं. उशीर झाला म्हणून तो फाट्यावर जाऊन बघून आला होता. धुळीत बारकी सोळा बुटं, एक मोठं. मोठं बूट डहाळीपतूर आलं, तितं थांबलं, मागं फिरलं. ते बघून लई वाईट वाटलं म्हणतो. तुम्ही माळावर दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी विचारलं, मग मारली का न्हाय? तर म्हणला, "पोरांम्होरं त्येला चुकलास कसं म्हनू? सगळ्यांम्होरं कुनी शिकवाय लागलं म्हंजी मानसाला काय वाटतं, ते मला ठावं हाय. म्हनून कुत्रं सोडलं. त्येला ढेकळं मारलीसा. लंगडतंय अजून."

तुमचा तक्ता मी त्याला दाखवला होता, एकेक चित्र समजावलं होतं. आज म्हणला, "चित्रं झ्याक हाईत. पर ती परक्याला वाट दावायची. ह्यो काय परका हाय?"

उत्तर काय लिहू विचारलं. म्हणला, "फुडल्या साली पोरास्नी घिऊन ये. डहाळी टाकत न्हाय. फाट्यावर मी सोता हुबा ऱ्हातो." बास, एवढंच सांगितलं. मग म्हणला, अंगठा घे. मी म्हणलो, अरे घरच्या पत्राला अंगठा लागत न्हाय. ऐकंना. मी शाई काढली, तर शाई नको म्हणला. कमरेची पिशवी सोडली, त्यात उजवा अंगठा बुडवला आणि कागदावर दाबून धरला. बराच वेळ धरला.

तर मास्तर, खाली पिवळं दिसतंय ते तेच हाय. कागद झटकू नका. कपाळाला लावून घ्या, आणि लावताना हात बघून लावा.

बडेसाब